ख्रिस्ताची चित्तवृत्ती आणि आमची रोजकीर्द

ख्रिस्ती माणसाचे जीवन ख्रिस्तकेंद्री असावे, या शिकवणीला आमच्या मंडळ्यांत विरोध करणारा कोणी आढळत नाही. आणि नेमके हेच आम्हांस शंकास्पद वाटते. जिच्यामुळे कोणाचेच काही अडत नाही, अशी शिकवण बहुधा कोणी अमलात आणीत नसावे. रविवारी उपासनेत गहिवरून येणे हीच ख्रिस्ताची चित्तवृत्ती, असा समज रुळला आहे. सोमवारच्या रोजकीर्दीशी तिचा काही संबंध असेल, ही कल्पनाच पुष्कळांना परकी वाटते.

हा समज पौलाच्या पत्राशी ताडून पाहावा. फिलिप्पैच्या मंडळीस त्याने बंदिवासातून लिहिले, ते ध्यानाचा पाठ म्हणून नव्हे. पोकळ अभिमान, चढाओढ आणि कुरकुर यांविरुद्ध बोलतानाच त्याने दासाचे रूप घेणाऱ्या ख्रिस्ताची वृत्ती धरावयास सांगितले. त्याच पत्रात पुढे युवदीया व सुंतुखे या दोघींना नावे घेऊन एकचित्त होण्याची विनवणी केली. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. तेव्हा ‘व्यवहार निराळा, धर्म निराळा’ असे म्हणणाऱ्यांनी पौलाचा आधार घेऊ नये.

उलट बाजूस काही सुशिक्षित बंधू म्हणतात, सेवा केली म्हणजे झाले. ख्रिस्तास केंद्रस्थानी ठेवण्याचा आग्रह कशाला? त्यांस आम्ही पंडिता रमाबाईंची साक्ष काढतो. बाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. म्हणजे सेवा चाललीच होती. तरीही बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नाही. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आणि ख्रिस्त सापडल्यावर त्या खोलीचे दार लावून बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, निराधार मुलींना केडगावास आणले, विणकाम व छपाई शिकविली. बायबलाचे मराठी भाषांतर त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत चालविले, आणि ते मुक्तीतील स्त्रियांच्याच हातांनी छापले गेले. भावना आणि सेवा यांपैकी एकीवरच भागते, असे मानणाऱ्या दोन्ही पक्षांना हे एकच चरित्र पुरेसे उत्तर आहे.

आता आपल्या घरांकडे पाहू. बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडालेली जात सोयरीक जुळविताना कोरडी ठणठणीत वर येते. जेवणाआधी आभार मानणाऱ्या घरात मोलकरणीचा कप निराळ्या फळीवर असतो. मंडळीच्या निवडणुकीत मते मागताना नातीगोती मोजली जातात. परमुलखात विखुरलेल्या आम्हां मराठी ख्रिस्ती जनांची संख्या थोडी, त्यामुळे आपसांतील तंटे झाकून ठेवण्याकडेच कल फार.

असल्या जागी ख्रिस्ताचे नाव घेण्याचे धैर्य नसेल, तर उपासनेतील गहिवरास आम्ही चित्तवृत्ती म्हणणार नाही. ज्यास आमचे म्हणणे कठोर वाटेल, त्याने येत्या रविवारपूर्वी एक करावे: ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या घरी जावे, आणि मोलकरणीचा थकलेला पगार चुकता करावा. मग वाद घालण्यास आम्ही आहोतच.