द्रव्यसंग्रह : ऋतू पंचांगाचा की वनस्पतीचा?

औषधी द्रव्य घेताना त्याची ओळख, शुद्धता आणि भाव यांची चौकशी आपण सारेच वैद्य करतो. ते कोणत्या महिन्यात काढले, हे मात्र क्वचितच विचारतो. आमच्याकडे येणाऱ्या गुळवेलीच्या पोत्यावर वजन असते. काढणीचा महिना नसतो. ही उणीव आम्हांस किरकोळ वाटत नाही.

वनस्पतीला थंडी-उन्हापासून पळता येत नाही. तिला आपला चयापचयच बदलावा लागतो. थंडीत पेशींच्या आवरणातील असंतृप्त स्निग्धाम्ले वाढतात व आवरण ताठर होण्यापासून वाचते. उष्म्यात इतर प्रथिनांना सांभाळणारी विशेष प्रथिने निर्माण होतात. प्रकाश ओळखणारे फायटोक्रोम बी हे द्रव्यच तापमानही जाणते आणि वाढीला वळण देते, हे २०१६ मध्ये प्रयोगांनी दाखविले गेले. मराठवाड्यातील मोसंबीचा बागायतदार यातले मर्म अनुभवाने जाणतो. आंबे बहारासाठी तो हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतो. थंडी व ताण यांनी पालवी थांबते आणि झाड फुलण्याच्या तयारीला लागते.

पानफुटीचे उदाहरण तर जिभेवर घेऊन पाहावे असे आहे. तिचे पान सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव. बेंजामिन हेन यांनी भारतात केलेले हे निरीक्षण १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले. रात्री ही वनस्पती हवेतील कर्बवायू आम्लरूपाने साठविते व दिवसा तो वापरते; गार रात्री हा साठा चांगला होतो. मग या द्रव्याचा रस सांगताना प्रहरही सांगावा लागेल काय? द्रव्यगुणाच्या अध्यापकांनी यावर अवश्य लिहावे.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, साल व कंद शरदात, सार हेमंतात घ्यावे असे सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी निराळा ऋतुक्रम मानणाऱ्यांचे मत नोंदवून ते नाकारले आणि सौम्य द्रव्ये सौम्य ऋतूत, आग्नेय द्रव्ये आग्नेय ऋतूत घेण्यास सांगितले. मतभेद जुनाच आहे. परंतु चरकांनी ऋतूबरोबर वनस्पतीची अवस्थाही सांगितली आहे : मुळांसाठी पाने गळलेली वा नव्याने फुटलेली, पानांसाठी नुकतीच आलेली पालवी. आपण महिना पाठ केला आणि अवस्था विसरलो.

छत्रपती संभाजीनगर परिसरात हिवाळ्यातील काही रात्री पारा १० अंशांखाली उतरतो, मे महिन्यात ४० ओलांडतो. पाऊस कधी दसऱ्यानंतरही रेंगाळतो. अशा वर्षी पंचांगातील शरद आणि वेलीचा शरद एकच कसा असेल? पाने गळालेल्या गुळवेलीचे पिष्ट कांडात असते. पालवी फुटू लागली की तेच खर्ची पडते. म्हणून वेल पाहावी, तिथी नंतर.

आमची सूचना साधी आहे. आयुर्वेद महाविद्यालयांनी आपल्या वनौषधी उद्यानांत दहा-बारा द्रव्यांची पानगळ, पालवी व फुलोरा यांची नोंदवही ठेवावी आणि शेजारी चिकलठाणा वेधशाळेचे तापमान लिहावे. म्हैसमाळच्या थंड माथ्यावरही तीच द्रव्ये पाहता आली तर उत्तम. पाच वर्षांत तुलनेला पुरेसे साहित्य हाती येईल.

अडचण निराळीच आहे. वनौषधी गोळा करणाऱ्याला मोबदला वजनावर मिळतो, ऋतूवर नाही. योग्य अवस्थेची वाट पाहिल्याने त्याची मजुरी बुडणार असेल तर तो थांबेल कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेतही योग्य काळी संग्रह करण्याचा आग्रह आहे. त्या थांबण्याचे पैसे कोणी द्यायचे, हे ठरवावे लागेल. आमच्या मते ते औषधनिर्मात्यांनी आणि आपण वैद्यांनी द्यावेत, आणि पोत्यावर महिना लिहून मागावा.