अर्धी तातामी, एक तातामी

जागेपणी अर्धी तातामी आणि निजताना एक, मनुष्याला याहून अधिक जागा लागत नाही, अशा अर्थाची एक म्हण जपानमध्ये पूर्वापार प्रचलित आहे. तातामी म्हणजे जमिनीवर बसवलेली जाड, घट्ट चटई. प्रदेशपरत्वे तिचे माप थोडे बदलते. तथापि लांबी साधारण १८० सेंटीमीटर, रुंदी ९० सेंटीमीटर आणि जाडी पाच-सहा सेंटीमीटर असते. खोली किती मोठी, हेही तेथे तातामीनेच सांगतात : साडेचार तातामींची, सहांची, आठांची.

अशा पारंपरिक खोलीस ‘वाशित्सु’ म्हणतात. पादत्राणे घराच्या दाराशीच राहतात. घरात वापरायच्या सपाताही या खोलीबाहेर काढून ठेवाव्या लागतात. सरकत्या दारांवरील कागदातून गाळून आल्यासारखा सौम्य प्रकाश आत येतो. भिंतीतील एका कोनाड्यात एखादे लटकते चित्र वा सुलेखन आणि थोडी फुले, एवढीच सजावट. रात्रीची अंथरुणे सकाळी घडी घालून कपाटात जातात आणि शयनगृहाचीच बैठक होते. ही खोली आपोआप रिकामी राहत नाही. कोणीतरी ती रोज रिकामी करते.

योगाभ्यासाला ही खोली अनुकूल वाटते, याचे कारण येथेच आहे. पद्मासनाला अर्धी तातामी पुरते, शवासनाला एक. जपानी लोक ज्या बैठकीला ‘सेइझा’ म्हणतात, ती वज्रासनाशी जवळजवळ मिळतीजुळती आहे. त्यामुळे तेथील वृद्धांना हे आसन नवखे वाटत नाही. पतंजलींनी यमांमध्ये गणलेला आणि जैन महाव्रतांतही असलेला अपरिग्रह येथे उपदेशाच्या रूपाने भेटत नाही. साधकाच्या दृष्टीसमोर अनावश्यक वस्तूच नसते, म्हणून चित्ताला भटकण्यास निमित्त कमी मिळते.

मात्र तातामीचे काही नियम आहेत. तिचा पृष्ठभाग इगुसा नावाच्या लव्हाळ्यासारख्या गवताने विणलेला असतो आणि जुन्या पद्धतीच्या तातामीत आत भाताचा पेंढा दाबून भरलेला असतो. विणीच्या दिशेने पाऊल सहज घसरते. म्हणून उभ्या आसनांत पाय विणीला आडवे ठेवणे बरे. पृष्ठभाग किंचित दबतो, त्यामुळे वृक्षासनात तोल सांभाळताना प्रारंभी भिंतीचा आधार घ्यावा. गवत ओलावा शोषून घेते. रबरी आसनपट्टी तशीच पसरून ठेवली, तर तिच्याखाली दमट हवेत बुरशी धरते. अभ्यास संपताच ती गुंडाळावी, दारे सरकवून वारा खेळू द्यावा आणि झाडताना केरसुणी विणीच्या दिशेनेच फिरवावी. गुडघे दुखणाऱ्यांनी वज्रासनाचा हट्ट धरू नये. मांडी व पोटरी यांच्यामध्ये उशी घ्यावी किंवा सरळ मांडी घालून बसावे.

ही खोली आता दुर्मीळ होत चालली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर खुर्ची, सोफा आणि पलंग जपानी घरांत स्थिरावले. नव्या सदनिकांत एखादीच तातामीची खोली असते, कित्येकांत तीही नसते. क्यूशू बेटावरील कुमामोतो हा इगुसाच्या लागवडीचा प्रमुख प्रदेश. तेथे हे पीक घेणारे शेतकरी कमी होत आहेत. २०२० साली युनेस्कोने जपानच्या काष्ठवास्तूंशी निगडित पारंपरिक कौशल्यांचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. त्यांत तातामी बनवण्याची कलाही आहे. परंतु कौशल्य जपले, तरी बसणारा माणूस उरला नाही, तर चटई कोणासाठी विणायची?

या प्रश्नाचा संबंध केवळ जपानशी नाही. महाराष्ट्रातील घरांतूनही पाट, चटई आणि सतरंजी मागे सरल्या आहेत. जेवण टेबलावर, अभ्यास खुर्चीवर आणि विश्रांती सोफ्यावर होते. दिवसाकाठी जमिनीवर एकदाही न बसणारे शरीर हळूहळू खाली बसण्याची आणि हाताच्या आधाराविना उठण्याची क्षमता गमावते. उतारवयात तिची उणीव भासते. मग देवदर्शनाला गेल्यावरही खुर्ची शोधावी लागते.

त्यासाठी जपानी खोली बांधण्याची आवश्यकता नाही. घरातील एका माणसाला निजता येईल एवढी जमीन मोकळी करावी. तेथे पेटी, स्टूल अथवा वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवू नये. सकाळी ती जागा झाडावी, चटई अंथरावी, अभ्यास करावा आणि चटई गुंडाळून ठेवावी. संध्याकाळी तेथेच नातवंडांसह आजी-आजोबांनी थोडा वेळ मांडी घालून बसावे. रोज रिकामी केलेली एवढीशी जागा घराला जड होणार नाही आणि तिच्यावर बसण्याची सवय मात्र पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप पोहोचेल.