एक वेढा कमी

गाडी ‘लो’ करायला माझा विरोध नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, आला आणखी एक काका ज्ञान पाजळायला. टायर आणि मडगार्डच्या मध्ये जेमतेम दोन बोटं जातील अशी गाडी सिग्नलला शेजारी येऊन थांबली, की मीही मान वळवून बघतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या कंपनीतून येतात तेव्हा पावसाळ्यात पँट वर धरून चालणाऱ्या माणसासारख्या दिसतात. त्या पोकळीत मांजर सहकुटुंब राहील.

माझा विरोध आहे तो ग्राइंडरला.

झालं असं की आमच्या टीममधल्या एका पोराने सेकंडहँड हॅचबॅक घेतली आणि ती खाली घ्यायची म्हणून दोन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी तयार स्प्रिंगांचा सेट आणि त्याला जुळणारे शॉकअप असा खर्च सांगितला. आकडा ऐकून पोरगं तिथून पायउतार झालं. दुसरीकडे गॅरेजवाला म्हणाला, “साहेब, एवढे पैसे कशाला घालवता? चारी स्प्रिंगांचा एकेक वेढा उडवतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा.” मग स्वारी माझ्या डेस्कपाशी. “दोन्हीकडे गाडी खालीच येणार ना? आणि वेढा कमी केला की स्प्रिंग कडक होते. कडक म्हणजे स्पोर्टी. बरोबर?”

अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी कागद-पेन काढावं लागलं.

आकडे सोयीचे घेतो, पण कुठल्याही छोट्या गाडीच्या जवळपासचे आहेत. समजा पुढच्या एका स्प्रिंगला ६ कामाचे वेढे आहेत, मोकळी असताना लांबी ३५० मिलिमीटर, आणि ती १ मिलिमीटर दाबायला २ किलो वजन लागतं. तिच्यावर गाडीचा ३०० किलो भार आहे. म्हणजे ती १५० मिलिमीटर दबून २०० वर उभी राहते. आता एक वेढा कापा. ६ चे ५ झाले, म्हणून कडकपणा ६/५ पट, म्हणजे २० टक्के वाढला. (वेढे कमी तर तार कमी, तार कमी तर पीळ बसायला जागा कमी, म्हणून कडक. इथपर्यंत पोराचं बरोबर.) तोच ३०० किलो भार आता तिला १२५ मिलिमीटर दाबतो, पण मोकळी लांबीच २९२ उरलेली असल्याने ती १६७ वर येऊन थांबते. गाडी ३३ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाहून थोडी जास्त खाली. फोटो झकास येतो.

आता खड्डा येऊ द्या.

मूळ गाडीत, समजा, चाकाला वर जायला ७० मिलिमीटर जागा होती. त्यापुढे बंप स्टॉप, म्हणजे तो रबराचा गुटका. गाडी ३३ ने खाली आली, म्हणून उरले ३७. धक्का पचवायची ताकद कडकपणाच्या पटीत वाढते, पण अंतराच्या वर्गाच्या पटीत. आधी: अर्धा गुणिले २ गुणिले ७० चा वर्ग, ४९००. नंतर: अर्धा गुणिले २.४ गुणिले ३७ चा वर्ग, साधारण १६४०. एककं सोडून द्या, फक्त प्रमाण बघा. स्प्रिंग २० टक्के कडक झाली आणि धक्का पचवायची ताकद एक तृतीयांशावर आली! तोच धक्का ३७ मिलिमीटरमध्ये पचवायचा असेल तर स्प्रिंग २० टक्के नाही, साडेतीनपट कडक हवी. बाकीचा धक्का गुटका खातो, मग बॉडी, मग तुमचा मणका.

लोक म्हणतात ना, “लो केल्यापासून गाडी एकदम टाइट झालीय, रेसिंग कारसारखी”, त्यातला बराचसा टाइटपणा म्हणजे गाडी त्या गुटक्यावर बसून चाललेली असते. वळणात एक बाजू दबून गुटक्यावर आपटली, की त्या चाकाचा कडकपणा एका क्षणात कित्येक पट वाढतो आणि टायरची पकड सुटते. कोरड्या रस्त्यावर बहुतेक वेळा काही होत नाही. पहिल्या पावसात, एक्सप्रेसवेच्या घाटात होऊ शकतं.

दुसरी गंमत खालच्या बाजूला. शॉकअपची लांबी तीच आहे. खड्ड्यात चाक सुटून खाली लोंबकळलं, की स्प्रिंगसाठीची जागा २०० वरून समजा २९० होते. मूळ स्प्रिंग मोकळी ३५० ची, म्हणून लोंबकळतानाही ती ६० मिलिमीटर दबलेली, आपल्या वाटीत घट्ट. कापलेली २९२ ची. म्हणजे २ मिलिमीटरवर निभावलं. आणि एका वेढ्याने समाधान झालं नाही म्हणून दीड काढला, तर मोकळी लांबी २६२. २८ मिलिमीटरची फट! चाक हवेत गेलं की स्प्रिंग वाटीतून सुटते, आणि परत खाली येताना जागेवर बसेलच असं नाही. ‘खड् खड्’ आवाज येतो तो हाच. गॅरेजवाला त्यावर रबराची पट्टी बांधून देतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले एरर मेसेज लपवतो तसंच.

ग्राइंडर तरी बरा म्हणायची वेळ येते, कारण काही ठिकाणी गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग लाल करून जागेवरच ‘बसवतात’. स्प्रिंगचं पोलाद कारखान्यात कडक करून मग मोजून तापवून लवचिक केलेलं असतं. ते लाल होईपर्यंत तापवलं की त्या जागी तो गुण गेला. ती स्प्रिंग पुढे हळूहळू बसत जाते किंवा एक दिवस तुटते. याला मी काहीही ऐकून घ्यायला तयार नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. चाकं आत झुकतात, म्हणून टायर आतल्या बाजूने खातो. अलाइनमेंट पुन्हा करावी लागते, आणि काही गाड्यांत तो झुकाव सरळ करायची सोयच नसते. पुढचे खालचे आर्म उलट्या दिशेने कलले, की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीपेक्षा जास्त खाली जातो, आणि खाली घेतलेली गाडी वळणात उलट जास्त झुकू पाहते. एक ओळ डिलीट केली आणि पाच ठिकाणी टेस्ट फेल झाल्या, हे दुःख तुम्हाला वेगळं समजवायला नको.

आणि मग आपले स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसने याचं माप ठरवून दिलंय: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, १७ मीटर त्रिज्येचा गोलाकार उंचवटा. मी हिशोब करून पाहिला. पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर असेल तर असा उंचवटा बरोबर पोटाखाली असताना चाकंही त्याच्या उतारावरच असतात, आणि पोटाखालची जागा फक्त ४ सेंटिमीटरने कमी होते. म्हणजे ३३ मिलिमीटर खाली घेतलेली गाडीसुद्धा आरामात जाईल. पण आपल्या सोसायटीसमोर असतो तो वीतभर रुंदीचा डांबराचा ढीग. तो दोन चाकांच्या मध्ये आला की त्याची सगळी उंची पोटाखालून वजा. वर चार माणसं बसवा, गाडी आणखी तीन-चार सेंटिमीटर दबते. चेंबर फुटलं की ऑइल रस्त्यावर आणि इंजिन... असो.

“मग तयार सेट तरी काय वेगळं करतो? तोही गाडी खालीच आणतो ना?” हा पोराचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त होता. हालचालीची जागा तिथेही कमी होते, भौतिकशास्त्राला कोणी लाच देऊ शकत नाही. पण ती स्प्रिंग खाली बसण्यासाठीच डिझाइन केलेली असते. दबत गेली की जास्त कडक होणारी, लोंबकळताना वाटीत घट्ट राहणारी, टोकाचा वेढा वाटीत नीट बसेल असा वळवलेला. काही सेटमध्ये बुटका गुटका मिळतो, आणि सोबतचा शॉकअप त्या कडकपणाला जुळवलेला. आयबाख किंवा एच अँड आरसारख्या जर्मन कंपन्यांचा हाच धंदा आहे. आपल्या रस्त्यांवर मी तोही बसवणार नाही, पण बसवणाऱ्याला मूर्ख म्हणणार नाही.

आता माझा मूळ मुद्दा. आपला कायदा या दोघांत फरक करत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थाने वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. भडक हॉर्न आणि विचित्र बॉड्या पाहिल्या की हेतू समजतो. पण परिणाम काय होतो बघा. जुळलेला सेट बसवून, अलाइनमेंट करून, बिलं जपून ठेवणाऱ्याला पकडलं तर तो दोषी. संध्याकाळी ग्राइंडर चालवून घेणाराही तितकाच दोषी. नीट करण्याचं बक्षीस शून्य. मग माणूस स्वस्तातलं निवडणार नाही तर काय करणार?

आणि बंदीने ही हौस मरत नाही, हे दुसऱ्यांनी आपल्या आधी अनुभवलंय. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतली पोरं १९४० च्या दशकापासून डिकीत वाळूची पोती टाकून आणि स्प्रिंगा कापून गाड्या खाली घेत होती. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियाने नियम केला: गाडीत बदल करून तिचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली आणायचा नाही. मला तो नियम वाईट वाटत नाही. टायर फुटला तरी गाडी रस्त्यावर घासणार नाही, आणि पोलिसाला नुसत्या डोळ्यांनी तपासता येतं. त्यावर १९५९ मध्ये रॉन अगिरे नावाच्या माणसाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवला. बटण दाबलं की गाडी कायदेशीर उंचीवर, पोलीस गेला की पुन्हा खाली! नियम मोजता येईल असा होता, म्हणून लोकांनी डोकं लावलं ते गाडी हवी तेव्हा वर येईल याच्यात. २०२४ च्या सुरुवातीपासून कॅलिफोर्नियाने ते कलमही काढून टाकलंय.

जर्मनीत वेगळी रीत. तिथे लो करायच्या स्प्रिंगसोबत त्या त्या मॉडेलसाठीचा तपासणी अहवाल येतो. स्प्रिंग बसवा, ट्यूफसारख्या संस्थेच्या तपासनीसाला गाडी दाखवा, तो बघतो आणि बदल गाडीच्या कागदपत्रांत चढतो. न दाखवता फिरलात तर गाडीची रस्त्यावर चालायची मान्यताच धोक्यात. कापलेली स्प्रिंग घेऊन तिथे कोणी जाऊच शकत नाही, कारण तिला अहवाल कोण देणार?

“ते जर्मन, आपण आपण” हे उत्तर मला मान्य नाही, कारण आपण हेच सीएनजीसाठी करतो. मान्यता मिळालेलं किट, अधिकृत ठिकाणी बसवणं, आरटीओत जाऊन आरसीवर इंधनाची नोंद, दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी. जास्त दाबाच्या गॅसची टाकी डिकीत ठेवायला आपण रीतसर वाट काढली, आणि चार स्प्रिंगांसाठी काढता येत नाही? पुण्यात एआरएआय १९६६ पासून आहे. ज्यांच्या टेकडीवर आपण रविवारी फिरायला जातो तेच लोक गाड्या आणि किटं तपासतात. जास्तीत जास्त किती मिलिमीटर खाली, लोंबकळताना स्प्रिंग घट्ट हवी, पूर्ण भारात गुटक्यापर्यंत किमान इतकी जागा हवी, कापलेली किंवा तापवलेली स्प्रिंग कुठल्याही परिस्थितीत नाही. पानभराचा नियम आहे.

तपासनीस पैसे खाईल? काही खातील. पीयूसी आपण सगळ्यांनीच काढलीय, मला काही सांगू नका. पण आज तर खाण्यासारखी तपासणीसुद्धा नाही, आणि नोंद नसल्याचा फटका बदल करणाऱ्याला बसतोच असं नाही. त्याची हौस दोन वर्षांत फिटते, गाडी विकली जाते. आरसी कोरी. पुढच्या माणसाला वाटतं, गाडी जरा कडक आहे, जुनी आहे ना. तो बायका-पोरांना घेऊन कोकणात जातो. अपघात झाला आणि सर्व्हेअरला कापलेली स्प्रिंग दिसली, तर न कळवलेला बदल म्हणून विमा कंपनीच्या हातात आयतं कारण.

म्हणून सेकंडहँड गाडी घ्यायला जाल तेव्हा ती जॅकवर चढवायला सांगा, चाक लोंबकळू द्या, आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघा. फिरली किंवा वरखाली हलली तर सौदा तिथेच सोडा. मग टॉर्च मारून शेवटच्या वेढ्याचं टोक बघा. कारखान्यातलं टोक रंगासकट नीट वाटीत बसलेलं असतं. कापलेलं टोक चौकोनी, उघडं आणि गंजलेलं दिसतं. आमच्या पोराच्या हॅचबॅकला आम्ही असंच करून पाहिलं. डावीकडची ठीक होती. उजवीकडची आधीच कोणीतरी कापलेली होती.