दुरुस्ती म्हणजे फेरफार नव्हे

मोटारसायकलच्या चाकाच्या आसावर, बेअरिंग आणि फोर्क यांच्या मध्ये, धातूचा एक लहानसा पोकळ तुकडा बसविलेला असतो. कारखान्याच्या यादीत त्याला ‘स्पेसर’ म्हणतात. गॅरेजमधली मंडळी सरळ ‘बुश’ म्हणतात. गाडी विकत घेताना त्याची कोणी चौकशी करीत नाही आणि तो झिजेपर्यंत त्याचे नावही मालकाच्या कानावर येत नाही. पण गाडी जुनी झाली, तिचे उत्पादन बंद पडले आणि हा तुकडा दुकानात मिळेनासा झाला, म्हणजे मालकाने काय करावे? प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण आपली उत्पादनव्यवस्था, आपला कायदा आणि आपले लहान कारखाने या तिघांचीही कसोटी त्यात लागते.

प्रथम या तुकड्याचे काम समजून घेतले पाहिजे. चाक दोन बेअरिंगांच्या आधारे आसावर फिरते. आसाचा नट आवळला की तो दाब फोर्कच्या एका पायापासून स्पेसर, बेअरिंगची आतली कडी, दोन बेअरिंगांमधली नळी, दुसरे बेअरिंग आणि दुसरा स्पेसर अशा क्रमाने दुसऱ्या पायापर्यंत पोहोचतो. बाहेरचा स्पेसर आखूड पडला तर चाक एका अंगाला सरकते आणि मागचे चाक असेल तर साखळीची रेषा बिघडते. मधली नळी आखूड असली तर बेअरिंगवर आडवा दाब येतो, ते तापते आणि लौकरच खडखडू लागते. स्पेसरच्या बाहेरच्या पृष्ठावर रबरी सीलची कड सतत घासत असते; तो पृष्ठभाग खडबडीत राहिला तर सील फाटते आणि पावसाचे पाणी आत शिरते. तात्पर्य, वस्तू लहान असली तरी तिच्यातली चूक लहान ठरत नाही. ती रस्त्यावर, वेगात असताना प्रकट होते.

आता अर्थशास्त्राकडे वळू. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ॲडम स्मिथने टाचण्यांच्या कारखान्याचे उदाहरण दिले आहे. कामाची वाटणी केल्यामुळे दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करू शकतात, हे त्याचे विधान प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. परंतु त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणातला सिद्धान्त तितका लक्षात ठेवला जात नाही. तो असा की, श्रमविभागणी किती करता येईल हे बाजारपेठेच्या विस्तारावर अवलंबून असते. मोठा कारखाना लाखो स्पेसर करतो तेव्हा यंत्राच्या मांडणीचा खर्च लाखांत वाटला जाऊन नगण्य होतो. गाडीचे उत्पादन थांबले आणि मागणी वर्षाला दोनचारशे नगांवर आली, की तोच खर्च जड होतो आणि कंपनी त्या भागाकडे पाठ फिरविते. यात कोणाचा दुष्टावा नाही. हे त्या उत्पादनपद्धतीचे गणितच आहे.

पण कंपनीचा हिशेब संपला म्हणून गाडीचे आयुष्य संपत नाही. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९७३ पासून ‘येझदी’ या नावाने गाड्या बाहेर पडू लागल्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. यामाहाची ‘आरएक्स १००’ ही १९८५ साली आली आणि १९९६ च्या सुमारास तिचेही उत्पादन थांबले. या गाड्या अजूनही रस्त्यावर दिसतात. हौशी संग्राहकांची गोष्ट सोडून देऊ. पण त्यांच्याहून कमी नावाच्या कितीतरी जुन्या गाड्यांवर दूधवाले, फेरीवाले आणि आडगावी नोकरीला जाणारे शिक्षक आपला रोजचा प्रवास करतात. नवी गाडी घेणे ही त्यांच्या दृष्टीने कित्येक महिन्यांच्या पगाराची बाब असते. शंभर-दोनशे रुपयांच्या बुशासाठी गाडी भंगारात काढावी, हा सल्ला त्यांना कोणी शहाण्याने देऊ नये.

येथे लेथवर काम करणारा कारागीर पुढे येतो. कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर घ्या किंवा पिंपरी-चिंचवडचा परिसर घ्या, तेथील लहान वर्कशॉपांत असा एकच नग करून देणारा टर्नर आजही भेटतो. सळईचा तुकडा चकमध्ये धरून तो एक टोक सपाट करतो, मधोमध भोक पाडून ते बोअर करतो, बाहेरचा व्यास मापाला आणतो आणि तुकडा कापून दुसरे टोक पहिल्याशी समांतर करतो. धातू कापायला वेळ थोडा लागतो. खरा वेळ मोजमापात जातो. कारण समोर आलेला जुना बुश झिजलेला असतो आणि त्याचे माप म्हणजे मूळ माप नव्हे. तेव्हा फोर्कच्या पायांतले अंतर, हबची खोली, बेअरिंगची जागा यांवरून मूळ माप ताडावे लागते. सामान्य उपयोगाच्या यंत्रावर, अल्प मांडणीखर्चात, एका नगाची मागणी पुरविणारा हा कारागीर मोठ्या उद्योगाचा मागासलेला पूर्वज नव्हे, तर त्याचा आवश्यक जोडीदार आहे. मोठा कारखाना जेथे हात टेकतो, तेथे याचे काम सुरू होते.

या कामाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. प्रत्येक लेथवाला कुशल असतोच असे नाही. हाताला लागेल तो धातू वापरणे, टोके तिरपी ठेवणे, बिल न देणे हे प्रकार सर्रास चालतात. शिवाय काही हौशी तरुण भलत्याच गाडीचे रुंद चाक आपल्या गाडीला बसवितात आणि उरलेली फट वाटेल त्या मापाच्या स्पेसरने भरून काढतात. यात ब्रेकची व साखळीची रेषा बिघडण्याचा धोका उघड आहे. त्याला आळा घातलाच पाहिजे.

मात्र आळा घालताना दुरुस्ती आणि फेरफार यांची गल्लत होता कामा नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई केली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मनाईला दुजोरा दिला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफाराबद्दल मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. परंतु वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल घडविणारा रचनेतील बदल म्हणजे फेरफार, अशी व्याख्या याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. झिजलेल्या बुशाच्या जागी त्याच मापाचा नवा बुश बसविल्याने कोणते वैशिष्ट्य बदलते? उलट, बिघडलेले वैशिष्ट्य पूर्ववत होते. शिवाय पंधरा वर्षांनंतर वाहन तपासून त्याची नोंदणी पुढे चालू ठेवण्याची सोय याच कायद्यात आहे. म्हणजे जुनी गाडी सुस्थितीत राहावी अशी कायद्याचीच अपेक्षा आहे. ती ज्याने पुरी होईल तो मार्ग संशयास्पद मानणे सुसंगत नव्हे.

सुट्या भागांवरील मक्तेदारीचा प्रश्न आपल्याकडे यापूर्वीही उपस्थित झाला आहे. स्वतंत्र दुरुस्तीकारांना सुटे भाग व तांत्रिक माहिती मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे तो वाद अपिलांत गेला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि तिच्या कक्षेत वाहनांचाही समावेश केला. त्या वर्षअखेरीस या हक्कासाठी एक संकेतस्थळही सुरू झाले. ही पावले स्वागतार्ह होत. पण कंपनीने स्वेच्छेने माहिती देणे वेगळे आणि ती देणे तिच्यावर बंधनकारक असणे वेगळे.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, ज्या भागाचा पुरवठा कंपनीने थांबविला आहे, त्याची मापे, धातूचा प्रकार आणि मान्य फरकमर्यादा तिने जाहीर केली पाहिजेत. जी वस्तू कंपनी विकतच नाही, तिच्या मापांत व्यापारी गुपित ते कसले? दुसरी, वर्कशॉपने आपल्या नगावर स्वतःची खूण उमटवावी आणि बिलात धातू व माप लिहून द्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने सदोष उत्पादनाचे दायित्व उत्पादकावर टाकले आहे. ते लहान कारागिरानेही पत्करले पाहिजे, पण मूळ मापे त्याच्या हाती दिल्यावरच ते न्याय्य ठरेल. तिसरी, मूळ मापाबरहुकूम बसविलेला भाग फेरफार गणला जाणार नाही, असे परिवहन खात्याने स्पष्ट परिपत्रकाने सांगावे आणि मापाबाहेरच्या प्रयोगांवर खुशाल कठोर व्हावे.

यातल्या कोणत्याही मागणीला सरकारी तिजोरीतून मोठा पैसा लागत नाही. काटकसर हा गरिबाचा नाइलाज असतो हे खरे. पण बिघडलेली वस्तू नीट करून वापरणे हा समाजाचा शहाणपणाही असतो. ते शहाणपण आपल्या कारागिरांच्या हातांत अद्याप शिल्लक आहे. त्यांना माप द्यावे, जबाबदारी द्यावी आणि मग निर्धास्तपणे काम करू द्यावे.