संसाराचा भाव : 29,000 पौंड

लेस्टरच्या एका केअर होममध्ये मी काम करते. इथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना उठवते, आंघोळ घालते, भरवते, रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसते. करोनाच्या दिवसांत दर गुरुवारी रात्री आठ वाजता हा देश दारात उभा राहून आमच्यासाठी टाळ्या वाजवायचा. मंत्रीही वाजवायचे. त्याच देशाच्या नियमाने पुढे मला सांगितलं की, बाई, तुझ्या पगारात तुला नवरा परवडत नाही.

हे मी रागाच्या भरात वाढवून सांगत नाही. परदेशातला जोडीदार ब्रिटनमध्ये आणायचा तर इथल्या माणसाची वार्षिक कमाई ठरावीक आकड्याच्या वर असावी लागते. जुलै 2012 मध्ये थेरेसा मे गृहमंत्री असताना हा आकडा 18,600 पौंड ठरला. 11 एप्रिल 2024 पासून तो एका उडीत 29,000 झाला. त्याच महिन्यात सरकारने किमान वेतन तासाला 11.44 पौंड केलं. आठवड्याला साडेसदतीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे धरून हिशेब करा : 22,308 पौंड. म्हणजे सरकार ज्या पगाराला स्वतः कायदेशीर म्हणतं, तो घेऊन वर्षभर पूर्ण वेळ राबणाऱ्या माणसाला तेच सरकार संसार नाकारतं. या एका हिशेबापुढे या नियमाचं कुठलंही समर्थन मला टिकताना दिसत नाही.

कमाई कमी पडली तर शिल्लक दाखवा, अशी सवलत आहे म्हणतात. नुसत्या शिलकीवर भागवायचं तर ती 88,500 पौंड लागते. एवढी रक्कम गाठीशी असलेली बाई रात्रपाळीला म्हाताऱ्यांची चादर बदलत नसते. आणि नवऱ्याचा पगार? तो सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, नियमित पगार घेतो. या हिशेबात त्याची किंमत शून्य. भारतातली कमाई धरतच नाहीत.

आमचं लग्न डिसेंबर 2023 मध्ये झालं. पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि 4 डिसेंबरला गृहमंत्री जेम्स क्लेव्हर्ली यांनी आकडा 38,700 करण्याची घोषणा केली. ओरड झाली, तेव्हा 21 डिसेंबरला सरकार 29,000 वर आलं. त्या वेळचे पंतप्रधान ऋषी सुनक. त्यांच्या पत्नी भारतीय नागरिक. सासरे इन्फोसिसचे सहसंस्थापक. भारतीय जोडीदाराबरोबर संसार करणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण पैसा मुबलक असला की हा नियम दिसतच नाही. तो फक्त आमच्यासारख्यांच्या दारात आडवा पडतो.

माझी कमाई 24,000 च्या आसपास होती. 11 एप्रिलच्या आत अर्ज गेला असता तर जुन्या आकड्यात मी आरामात बसत होते. तो गेला नाही, आणि त्याचं कारण ब्रिटनमध्ये नाही, आपल्या घरात आहे. विवाहनोंदणीच्या दाखल्यावर माझं नाव परस्पर बदलून आलं. मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. ‘लग्न झालं ना, मग तेच लागणार,’ असं टेबलापलीकडून उत्तर मिळालं. पासपोर्टवर मी वडिलांच्या नावाची, पगाराच्या चिठ्ठीवर वडिलांच्या नावाची, आणि दाखल्यावर कुणी तिसरीच. दुरुस्तीला दोघांनी समक्ष हजर राहायला सांगितलं. माझी रजा संपली होती. मी पुन्हा भारतात जाऊन सही करेपर्यंत एप्रिल उलटून गेला होता.

बाईचं नाव बदलणं हा आपल्याकडे संस्कार समजला जातो. त्यापायी माझ्यापुढचा कमाईचा आकडा वर्षाला दहा हजार चारशे पौंडांनी वाढला. परक्या देशाच्या नियमावर तोंडसुख घेण्याआधी हे आपण कबूल करायला हवं : मुलीची ओळख लग्नमांडवात पुसायची आणि पुढे आयुष्यभर ‘ही आणि ती एकच’ अशी प्रतिज्ञापत्रं तिलाच करायला लावायची, ही क्रूर रीत आपलीच आहे.

मग मी शनिवार-रविवार एका गोदामात पॅकिंगचं काम धरलं. दोन्ही नोकऱ्यांच्या सलग सहा महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या आणि त्यांच्याशी जुळणारी बँकेची स्टेटमेंट लागतात. सहा महिने मला सुट्टीचा एक दिवस नव्हता. गोदामात ताप अंगावर काढला, कारण एक पाळी बुडली तर आकडा घसरेल ही भीती. तिकडे नवऱ्याने क्षयाच्या तपासणीसाठी मुंबई गाठली, इंग्रजीची परीक्षा दिली, प्रत्येक मराठी कागदाचं प्रमाणित भाषांतर करून घेतलं.

शिवाय नातं खरं असल्याचा पुरावा. लग्नाचे फोटो, विमानाची तिकिटं, फोनच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं. आमच्या बोलण्यात ‘प्रेम’ हा शब्द शोधून सापडला नाही. ‘जेवलीस का?’, ‘पोचलीस का?’, ‘पाय दुखतोय का अजून?’ एवढंच होतं. आपल्याकडे प्रेम असंच बोलतात. ते सगळं पानामागे पैसे मोजून इंग्रजीत करून घेताना, आपल्या घरातली कुजबुज कुणीतरी चावडीवर वाचतंय असं वाटत राहिलं.

हा संशय जुना आहे. जानेवारी 1979 मध्ये लग्नासाठी आलेल्या पस्तिशीतल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्यचाचणी केली गेली. बातमी फुटल्यावर ब्रिटिश सरकारला ती पद्धत बंद करावी लागली. तेव्हा बाईचं शरीर तपासत होते, आज पगार तपासतात. दोन्हींत अपमानाची मात्रा सारखी नाही, हे मला मान्य आहे. पण गृहीतक तेच आहे : गरीब देशातून येणाऱ्याचं लग्न खोटं धरायचं आणि खरेपणा सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर टाकायचं.

फसवणूक होते, खोटी लग्नं होतात, हे मी नाकारत नाही. ती शोधायला चौकशी करा, मुलाखती घ्या. पण माझा पगार 24,000 वरून 29,000 झाल्याने माझं लग्न अधिक खरं कसं होतं? सरकारी तिजोरीवर भार पडेल म्हणाल, तर या व्हिसावर सरकारी मदतीला मनाईची अट आधीच असते. उलट व्हिसाची फी 1,846 पौंड आणि आरोग्य अधिभार 3,105 पौंड, असे 4,951 पौंड आम्ही आगाऊ भरले. आल्यावर नवरा नोकरी करील तेव्हा कर भरेल तो वेगळाच. 2017 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाची अट वैध ठरवली, पण त्यात मुलांच्या हिताची पुरेशी दखल नाही, असंही बजावलं. त्या निकालानंतर आकडा खाली आला नाही, वर गेला. वैध असणं आणि न्याय्य असणं यांत अंतर असतं. हा नियम त्या अंतरात उभा आहे.

2025 च्या उन्हाळ्यात नवरा आला. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्यातले एकत्र काढलेले दिवस बोटांवर मोजता येतील.

ब्रिटनमधल्या मराठी माणसांना माझं एकच सांगणं आहे. आपण आलो, आता मागे दार लावून घ्या, असं म्हणणारे आपल्या मंडळांत, गणपतीच्या आरतीला शेजारी उभे असतात. त्यांना गप्प बसून संमती देऊ नका. इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला ब्रिटनच्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, हे आपल्यातल्या कित्येकांच्या गावीही नसतं. मतदारयादीत नाव घाला. खासदाराच्या भेटीच्या वेळी समोर बसा आणि 2024 मधले 22,308 व 29,000 हे दोन आकडे कागदावर लिहून त्याच्या पुढ्यात ठेवा. मधल्या फरकाचं उत्तर मागा.

आणि महाराष्ट्रातल्या आईबापांनो, मुलीच्या विवाहनोंदणीला जाल तेव्हा तिचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर, लिहून घ्या. ते तिचं आहे.