वाटी कुणाची, चमचा कुणाचा?



गेल्या दिवाळीत पार्सिपनीच्या आमच्या घरी गोडा मसाला करायचा घाट घातला. पुण्याहून आईने फोनवर प्रमाण सांगितले : धणे चार वाट्या, सुके खोबरे एक वाटी, तीळ अर्धी वाटी, लवंगा दोन चमचे, हिंग एक चमचा वगैरे. वाटीच्या जागी आम्ही इथला मेजरिंग कप घेतला. मसाला दिसायला झकास, पण आमटीला चव येईना. सौ. म्हणाली, "लवंगा कमी पडल्या." आई म्हणाली, "माझं प्रमाण चुकायचं नाही." दोघींचेही बरोबर होते!

आईला तिची वाटी पाण्याने भरून मोजायला सांगितली. निघाली १५० मिलिलिटर. इथला कप सुमारे २४०. म्हणजे धणे, खोबरे, तीळ दीडपटीहून जास्त पडले. चमच्याने मोजलेल्या लवंगा आणि हिंग मात्र तेवढेच राहिले. सगळे जिन्नस एकाच भांड्याने मोजले असते, तर निदान गुणोत्तर बिघडले नसते.

म्हणून माझे मत असे की, घरचे मसाले आता ग्रॅममध्ये लिहून ठेवावेत.

चमच्यात जिन्नसाबरोबर हवाही मोजली जाते. ५ मिलिलिटरच्या सपाट चमच्यात हळद सुमारे ३ ग्रॅम मावते, जिरे २, अख्खे धणे पावणेदोन, तर वाळलेली कोथिंबीर जेमतेम अर्धा ग्रॅम. ताज्या कोथिंबिरीचा कप, न दाबता भरला तर, साधारण १६ ग्रॅम भरतो. कप ८ फ्लुइड औंसांचा, पण आतल्या कोथिंबिरीचे वजन अर्ध्या औंसाहून किंचित जास्त! इथे औंस आकारमानाचाही असतो आणि वजनाचाही, हे विसरू नये.

मसाला फसला तर आमटी बिघडते. मीठ फसले तर रक्तदाब. बारीक टेबल सॉल्टचा सपाट चमचा सुमारे ६ ग्रॅम, त्यात सोडियम सुमारे २३०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसांसाठी इथे सांगितलेली दिवसभराची मर्यादा तेवढीच आहे. जाड कोशर मिठाचा तोच चमचा, ब्रँडप्रमाणे, ३ ते ५ ग्रॅम. कोशर मिठाच्या पाककृतीत टेबल सॉल्ट घातले, तर मीठ दुप्पटही होऊ शकते.

खिशाचेही तेच. मसाल्याच्या बाटलीचा आकार पाहू नये, लेबलवरचे वजन पाहावे. किमतीला औंसांनी भागले की सुपरमार्केटची छोटी बाटली आणि भारतीय दुकानातले मोठे पाकीट यांतला फरक लगेच कळतो.

कुणी म्हणेल, आजीने कधी तराजू लावला होता? नाही लावला. पण तिची वाटी, तिचे मीठ, तिचा हात वर्षानुवर्षे तेच होते. आपले तिन्ही बदलले.

स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा यासाठी पुरे. एक चमचा लवंगांसारखे हलके माप त्यावर नीट येत नाही. तेव्हा दहा चमचे एकदम तोलून दहाने भागावे.

आई पुढच्या वेळी इथे आली, की तिला तिच्या अंदाजानेच जिन्नस घेऊ देणार आहे. फक्त कढईत पडण्याआधी प्रत्येक मूठ काट्यावर ठेवून आकडा वहीत उतरवणार. तुमच्याही घरी आई-सासूबाई येणार असतील, तर वही तयार ठेवा. बघा पटतंय का!