आणखी 49 माणसे कुठून आणू?

दिवाळीच्या अंकात कर आणि पाळणाघर असले विषय काढले म्हणून कोणी नाक मुरडील. खुशाल मुरडावे. फराळाचे ताट ज्या हातांनी पुढे येते, त्यांच्याचविषयी मी लिहीत आहे.

2025 च्या जूनमध्ये मी ठाण्याची नोकरी सोडली आणि डोंबिवलीच्या घरात, खिडकीखालच्या टेबलावर, लहान दुकानदारांचे हिशेब लिहून देण्याचा स्वतंत्र व्यवसाय मांडला. ‘आता मालकीणबाई झालात; शिवाय मूल डोळ्यांसमोर!’ असे शेजारीपाजारी म्हणाले. मूल डोळ्यांसमोर होते खरे, पण ते खतावणीवर बसलेले! महिनाभरात दीड वर्षाच्या लेकीला पलीकडच्या गल्लीतल्या काकूंच्या पाळणाघरात ठेवावे लागले.

नोकरीत होते तोवर कायद्याला मी दिसत होते. 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची रजा आली. 50 किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. आईने दिवसातून चारदा मुलाला पाहून यावे, एवढी मायाही कायद्याने दाखवली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो पन्नासाचा आकडा कायम राहिला. चांगलेच झाले, मी त्याला नावे ठेवीत नाही. पण माझ्या कचेरीत माणूस एकच, आणि तो मी! पाळणाघराचा हक्क मिळवायला आणखी 49 माणसे कुठून आणू?

बरे, करात तरी काही सुटेल म्हणून पाहिले. कामाचा संगणक, कल्याणच्या गिऱ्हाइकाकडे जाण्याचे लोकलचे भाडे, हा व्यवसायाचा खर्च. पाळणाघराची फी मात्र घरखर्च! अहो, लोकल नसती तर मी बसने गेले असते. पाळणाघर नसते तर टेबलाशी बसलेच नसते.

हे गाऱ्हाणे ऐकून एक करसल्लागार गृहस्थ हसले. म्हणाले, ‘बाई, तुम्हांला कर लागतोच कुठे?’ त्यांचे म्हणणे बरोबर होते. 2025-26 सालच्या नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या कमाईवरचा कर सवलतीने शून्यावर येतो, आणि नव्या धंद्याची माझी कमाई त्या आकड्याच्या वाऱ्यालाही उभी नव्हती. शून्यातून वजा ते काय करणार? म्हणून मी करसवलत मागतच नाही. तिचा लाभ व्हायचा तो भरपूर कमावणाऱ्यांना.

इंग्लंडात पाहा. तिथे 2017 साली निघालेल्या योजनेत आईबापांनी मुलाच्या संगोपनाच्या खात्यात 8 पौंड भरले, की सरकार त्यात 2 घालते. स्वतंत्र धंदा करणारेही त्यात येतात. उलट धंद्याच्या पहिल्या वर्षी त्यांना किमान कमाईची अटसुद्धा नाही. धंदा रुजायला वेळ लागतो, हे तिथल्या कारकुनाला उमगते!

आपल्याकडेही ‘पाळणा’ नावाची केंद्राची योजना 2022 पासून ‘मिशन शक्ती’त आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. तेव्हा ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या महापालिकांकडे माझे मागणे साधे आहे: प्रभागागणिक एक स्वच्छ खोली, जमल्यास स्टेशनाच्या वाटेवर, आणि शेवटची आई लोकलमधून उतरेपर्यंत उघडी. अर्जावर ‘मालकाचे नाव’ हा रकाना नको.

‘आमच्या वेळी आजी सांभाळीत असे,’ हे उत्तर मला पाठ आहे. आमच्या इमारतीतली एक आजी सकाळी सहापासून पोळ्या लाटून विकते. तीही स्वतंत्र व्यावसायिकच. तिच्या मांडीवर आणखी कोणाला बसवायचे?

आणि पाळणाघराच्या काकू? दसऱ्याला त्यांनी दोन दिवस सुट्टी घेतली. घ्यायलाच हवी होती. हा मजकूर त्या दोन दुपारींत लिहिला आहे, लेक झोपली असताना. अक्षर बिघडल्याबद्दल संपादकांनी क्षमा करावी. शेवटच्या पानावर तेलकट बोटे उमटली आहेत, ती माझी नव्हेत.